नामदेवांची गाणी सातशे वर्षं कशी टिकली? बॅकअप, टेप आणि रिस्टोअरची आपल्या हिंगोलीतली गोष्ट



पावसाळ्यात सिद्धेश्वर धरणावर गेलात, तर दरवाजे उघडलेले असताना भिंतीजवळच्या प्रत्येकाच्या हातात फोन दिसतो. व्हिडिओ ऐन रंगात आला की स्क्रीनवर मेसेज येतो, स्टोरेज फुल्ल. मग तिथंच उभ्या उभ्या जुनं काहीतरी डिलीट करायचं. काय डिलीट केलं ते घरी आल्यावर कळतं.

बॅकअप म्हणजे काय, एवढी क्लाउडची सोय असताना मोठ्या कंपन्या अजून टेप का वापरतात, आणि बॅकअप घेऊनही डेटा परत का मिळत नाही, हे समजावताना मी नेहमी एकाच माणसाचं आयुष्य सांगतो. तो माणूस आपल्याच जिल्ह्यातला. सिद्धेश्वर औंढा तालुक्यात, आणि हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नरसी. संत नामदेवांचं गाव. त्यांच्याकडे हार्ड डिस्क नव्हती, छापखाना नव्हता, राजाचा आश्रयही नव्हता. तरी त्यांची गाणी आज दोन राज्यांत, दोन लिप्यांत जिवंत आहेत. काही हरवलीही आहेत, आणि का हरवली हेही बघण्यासारखं आहे.

शिंप्याच्या घरातला मुलगा

नामदेवांचा जन्म १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. जन्म नरसीचा की पंढरपूरचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपण हिंगोलीकर अर्थातच नरसीच म्हणणार. कुटुंब पंढरपूरला राहिलं हे मात्र सगळ्यांना मान्य आहे. लहानपणी विठोबापुढे नैवेद्य घेऊन बसलेल्या आणि देव जेवल्याशिवाय न उठलेल्या मुलाची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकलीच असेल.

पुढे राजाईशी लग्न झालं, नारा, विठा, गोंदा आणि महादा ही मुलं झाली. घरात जनाबाई होती, दासी म्हणून आलेली आणि पुढे स्वतः मोठी कवयित्री झालेली. पोरगं धंद्यात लक्ष घालत नाही, दिवसभर देवळात बसतं, ही गोणाईची आणि राजाईची तक्रार परंपरेनं जपून ठेवली आहे. मला ती फार खरी वाटते. घरात पीठ नाही आणि नवरा गाणी करतोय, हे कुणाला आवडेल?

कच्चं मडकं आणि हिरवी टिक

नामदेवांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड दिवस असा सांगतात. संतमंडळी जमली होती. त्यात तेरचे गोरोबा कुंभार होते. मुक्ताबाईनं त्यांना गंमतीत सुचवलं, की मडकी तपासता तशी आमचीही डोकी तपासा, कोण पक्कं आणि कोण कच्चं ते सांगा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले, आणि गोरोबांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं आहे.

आता विचार करा. पंढरपूरच्या देवाचा सर्वांत लाडका भक्त म्हणून ज्याची ओळख, त्यालाच चारचौघांत नापास केलं.

मडक्याचं असं असतं की कच्चं आणि पक्कं बाहेरून बरंचसं सारखंच दिसतं. पाणी भरल्यावर किंवा टिचकी मारल्यावर फरक कळतो. बॅकअपचंही अगदी तसंच. मी पूर्वी एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचो. रोज रात्री नेटवर्कवरून पाच मशीनचा डेटा आधी एका डिस्कवर यायचा आणि तिथून टेपवर जायचा. आपल्याकडे येलदरीचं पाणी आधी सिद्धेश्वरला येतं आणि तिथून कालव्यांत सुटतं, त्याच धर्तीवर. मधला साठा लागतो, कारण टेप ड्राइव्हला डेटा सलग हवा असतो. नेटवर्क हळू असेल तर टेप थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा पुढे धावते. या ओढाताणीत वेळ जातो आणि टेपही झिजते. मध्ये डिस्क असली की ड्राइव्ह एका दमात लिहितो.

सकाळी स्क्रीनवर हिरवी टिक असायची. मी चहा प्यायला जायचो. आठ महिने हेच चाललं. एक दिवस हिशोबाची डिस्क बंद पडली, आम्ही टेप लावली, आणि त्यात बाकी सगळं होतं, फक्त हिशोबाची मुख्य फाइल नव्हती. ती फाइल रात्रीही उघडी असायची, म्हणून सॉफ्टवेअर ती रोज सोडून द्यायचं. लॉगमध्ये रोज एक ओळ लिहून ठेवायचं, आणि मी लॉग कधी उघडलाच नव्हता. थापटणं मारून बघितलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे आम्ही कागदी पावत्यांवरून आकडे भरले.

तर नामदेव रागावून पंढरपूरला आले, पण तो निकाल त्यांनी खोडून टाकला नाही. ते गुरूच्या शोधात औंढा नागनाथाला गेले. तिथं विसोबा खेचर नावाचे एक म्हातारे शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसले. नामदेवांनी त्यांना पाय काढायला सांगितलं, तर विसोबांनी त्यांनाच ते पाय उचलून जिथं पिंड नसेल तिथं ठेवायला लावले. जिकडे पाय ठेवावे तिकडे पिंड दिसू लागली, अशी ही कथा. देव एकाच जागी, एकाच मूर्तीत सापडतो ही नामदेवांची समजूत तिथं सुटली, आणि पुढचं त्यांचं सगळं आयुष्य फिरतीचं झालं. म्हणून मला औंढ्याचा हा प्रसंग कळीचा वाटतो.

मित्र गेला त्या वर्षी

ज्ञानेश्वर नामदेवांपेक्षा पाचेक वर्षांनी लहान. दोघांनी मिळून मोठी तीर्थयात्रा केली. परत आल्यावर थोड्याच दिवसांत, १२९६ साली, ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. वय अवघं २१. नामदेव तिथं होते. पाठोपाठ निवृत्तिनाथ, सोपान, मुक्ताबाई ही भावंडंही गेली. वर्षभराच्या आत चारही जण संपले.

नामदेवांनी मग काय केलं? त्यांनी मित्राची गोष्ट अभंगांत घातली. आदि, तीर्थावळी आणि समाधी अशी ती तीन प्रकरणं आहेत. ज्ञानेश्वरांच्या आयुष्याबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं या अभंगांतून आलं आहे. स्वतः ज्ञानेश्वरांनी ग्रंथ लिहिला, पण स्वतःबद्दल फार थोडं सांगितलं. म्हणजे त्या माणसाची आठवण दुसऱ्याच्या मेमरीत होती, म्हणून राहिली.

त्याच वर्षी अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं. दरबार गेला की दरबाराच्या आधारावर जगणारे पंडित, लेखनिक आणि पोथ्याही अडचणीत येतात. नामदेवांची गाणी दरबारात ठेवलेलीच नव्हती. ती कीर्तनात होती. एक माणूस गातो, पन्नास जण ऐकतात, त्यातल्या पाचांना पाठ होतं, ते आपल्या गावात जाऊन गातात. प्रत्येक वेळी नवी कॉपी तयार होते.

याचा तोटाही आहे, तो पुढे येतोच.

कुठल्या टेपवर काय आहे?

मोठ्या बॅकअप सिस्टिममध्ये कॅटलॉग नावाची एक गोष्ट असते. कुठली फाइल कुठल्या टेपवर, किती अंतरावर, कुठल्या तारखेची, याची ती यादी. टेपवर फोनसारखं पटकन कुठंही उडी मारता येत नाही, ती गुंडाळत जावं लागतं. कॅटलॉग उडाला तर डेटा जातो असं नाही, पण प्रत्येक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून यादी पुन्हा बनवावी लागते. त्यात तास जातात, कधी दिवस जातात.

जनाबाईच्या नावावर एक अभंग आहे, तो मला या कॅटलॉगसारखा वाटतो. कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले, त्याची त्यात सरळ यादी आहे. ज्ञानेश्वरांचे चिदानंदबाबांनी, निवृत्तिनाथांचे सोपानानं, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, सावता माळ्यांचे काशिबा गुरवांनी, चोखामेळ्यांचे अनंतभट्टांनी, आणि स्वतः जनीचे पांडुरंगानं. ही यादी आज पुरावा म्हणून किती धरायची यावर वाद होऊ शकतो. पण कोण लिहितं, कुणाची वही कुणाकडे, याची नोंद ठेवावीशी वाटली हे महत्त्वाचं. आणि ज्या काळात चोखोबांना देवळात पाऊल ठेवू देत नव्हते, त्या काळात एक भट त्यांचे शब्द कागदावर उतरवतो, ही आठवण या यादीत आहे.

चोखोबांचा शेवट तुम्हाला माहीत असेल. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर महार मजुरांना लावलं होतं, ती भिंत कोसळली आणि खाली माणसं गाडली गेली. कथा अशी की नामदेव तिथं गेले, ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून ऐकत राहिले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला आणली. देवळाच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. जिवंतपणी ज्यांना आत घेतलं नाही, त्यांच्या शेजारून आज प्रत्येक वारकरी जातो. तिथं नाव-पत्ता लावलेलं काहीच नव्हतं, आतला आवाज हीच ओळख. या कथेला टेक्नॉलॉजीचं उदाहरण म्हणून वापरायला मला संकोच वाटतो, म्हणून इथंच थांबतो.

पंजाबातली कॉपी

ज्ञानेश्वर गेल्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले. आताच्या पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे, तिथं ते वीसेक वर्षं राहिले असं परंपरा सांगते. तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत त्यांनी गाणी केली. त्यात देवाचं नाव बीठल म्हणून येतं, आणि मधूनच आपला 'चे' प्रत्यय डोकावतो. बाहेरगावी हिंदी बोलताना आपली मराठी निसटते ना, अगदी तसंच.

पुढे १६०४ साली शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदं घेतली. हा ग्रंथ आज गुरू ग्रंथ साहिब म्हणून ओळखला जातो. नामदेवांची ती पदं तिथं गुरुमुखी लिपीत आहेत आणि रोज कुठल्या ना कुठल्या गुरुद्वारात गायली जातात.

बॅकअपमध्ये ३-२-१ नावाचा नियम आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. तिसरा भाग लोक सगळ्यात जास्त विसरतात. लॅपटॉप आणि एक्स्टर्नल डिस्क एकाच बॅगेत असते आणि बॅगच चोरीला जाते.

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी फोनमध्ये रेकॉर्ड केल्या होत्या, जवळजवळ दोन तासांच्या. त्या मेमरी कार्डवर होत्या. कार्ड एक दिवस वाचायलाच तयार होईना. दुकानातल्या पोरानं दोन दिवस खटपट करून हात टेकले. तोवर आजी गेलेली होती. मग मावसभावाला आठवलं, की मी त्याला कधीतरी एक तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवला होता. चार मिनिटांचा, आवाज दबलेला, मागे कोंबडं ओरडतंय. तेवढ्याच ओव्या आमच्याकडे आहेत. 'टॉय स्टोरी २' या सिनेमाचंही १९९८ मध्ये असंच झालं. चुकीच्या कमांडनं फाइली पुसल्या गेल्या, ऑफिसचा बॅकअप नीट चालतच नव्हता, आणि गॅलिन सुसमन या बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती म्हणून सिनेमा वाचला. त्यांना नुकतंच बाळ झालेलं होतं आणि त्या घरून काम करत होत्या.

पण नामदेवांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. पंजाबातली ६१ पदं ही महाराष्ट्रातल्या गाथ्याची हुबेहूब कॉपी नाही. ते वेगळं फोल्डर आहे. ग्रंथात गेली नसती तर त्यातली बरीच पदं आपल्यापर्यंत कदाचित पोचलीच नसती. दोन्हीकडचे नामदेव एकच का, असाही प्रश्न काही अभ्यासक विचारतात.

मला स्वतःला एका गोष्टीचं फार नवल वाटतं. औंढ्याच्या देवळाबद्दल आपल्याकडे सांगतात की नामदेवांना कीर्तन करायला पुजाऱ्यांनी पुढे उभं राहू दिलं नाही, मागच्या बाजूला पाठवलं, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. गुरू ग्रंथ साहिबातल्या एका पदात नेमकी हीच घटना आहे. जात हीन म्हणून देवळातून हाकलणं, मागे जाऊन बसणं, आणि देऊळ फिरणं. पदात गावाचं नाव नाही. औंढ्याचे लोक म्हणतात हे आमचंच. चमत्कार बाजूला ठेवा, पण हाकलल्याची ती आठवण दीडेक हजार किलोमीटर लांबच्या दोन ठिकाणी, दोन वेगळ्या समाजांनी, एकमेकांना न विचारता जपली.

एकाच नावाच्या दोन फाइली

नामदेव १३५० मध्ये पंढरपूरला गेले, वय ८०. विठ्ठलाच्या महाद्वाराच्या पहिल्या पायरीखाली त्यांची समाधी आहे, देवळात जाणाऱ्याच्या पायाची धूळ लागावी म्हणून. घुमानलाही त्यांची समाधी मानतात.

त्यानंतर गडबड सुरू झाली. त्यांच्या गाण्यांच्या आज उपलब्ध असलेल्या जुन्यात जुन्या मराठी वह्या सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. म्हणजे मध्ये दोनशेहून जास्त वर्षं गाणी मुख्यतः तोंडातोंडी आणि कीर्तनकारांच्या वह्यांतून फिरली. तोपर्यंत विष्णुदास नामा नावाचे आणखी एक कवी होऊन गेले, आणि तेही शेवटी 'नामा' अशीच सही करायचे. एकाच नावाच्या दोन फाइली एका फोल्डरमध्ये टाकल्यावर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. छापील गाथ्यात दोन हजारांहून अधिक अभंग आहेत, पण त्यातले पहिल्या नामदेवांचे किती, हे अभ्यासक अजून वेगळं करत बसले आहेत.

पंजाबात ही अडचण कमी आली, कारण ग्रंथात प्रत्येक पदाच्या शेवटी आकडे घातलेले असतात. कडवी किती, पदं किती, बेरीज किती. कुणी मध्ये एक पद घुसवलं किंवा गाळलं तर बेरीज चुकते. आजचं बॅकअप सॉफ्टवेअर चेकसम नावाचा आकडा काढून तपासतं ते हेच. लिहिताना एक आकडा, वाचताना पुन्हा तोच आकडा यायला हवा. नाही आला तर टेपवर काहीतरी बिघडलंय. ड्राइव्हचं हेड मळलं असेल तर आधी क्लीनिंग टेप फिरवून बघतात, मग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघतात. दोन्हीकडे एकाच जागी चूक आली तर दोष टेपचा.

मराठीत हे काम मोठ्या प्रमाणावर एकदा झालं, पण ज्ञानेश्वरीसाठी. पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये अनेक पोथ्या ताडून चुका काढल्या, शुद्ध प्रत केली, आणि पुढच्या लोकांनी यात आपली ओवी मिसळू नये असं शेवटी बजावून ठेवलं. फाइल रीड-ओन्ली करून ठेवली म्हणा ना. नामदेवांच्या अभंगांना असा एकनाथ मिळाला नाही. तुकाराम महाराजांनी सांगितलं की नामदेव स्वप्नात आले आणि राहिलेले अभंग पुरे करायला सांगून गेले, म्हणजे अर्धवट राहिलेला जॉब पुढे चालू झाला. पण जुन्या यादीची साफसफाई राहूनच गेली.

मग टेप कशाला?

२०११ च्या फेब्रुवारीअखेर जीमेल वापरणाऱ्या काही लोकांनी इनबॉक्स उघडला तर तो रिकामा. एकूण वापरणाऱ्यांत ते साधारण ०.०२ टक्के होते. गूगल प्रत्येक मेलच्या प्रती अनेक डेटा सेंटरमध्ये ठेवतं, तरी अपडेटमधल्या एका बगचा परिणाम त्या सगळ्या प्रतींवर झाला, कारण सगळ्या एकाच सॉफ्टवेअरच्या ताब्यात होत्या. शेवटी मेल परत आले ते टेपवरून. टेप कपाटात होती, नेटवर्कला जोडलेली नव्हती, म्हणून तिला बग लागला नाही. व्हायरसही लागत नाही. आजच्या एलटीओ-९ टेपच्या एका डबीत १८ टीबी मावतात, आणि नीट थंड, कोरड्या जागी ठेवली तर ती वर्षानुवर्षं टिकते.

अडचण वेगळीच आहे. टेप टिकते, पण ती वाचणारा ड्राइव्ह टिकत नाही. एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ ची टेप वाचतो, त्याच्या मागची नाही. म्हणून मोठी ऑफिसं दर काही वर्षांनी जुन्या टेपवरचं सगळं नव्या टेपवर उतरवून घेतात. कीर्तनकार गुरूची वही उतरवून घ्यायचा, तीच रीत.

एप्रिल २०१५ मध्ये ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. महाराष्ट्रातून मराठी माणसं लांबचा रेल्वेप्रवास करून नामदेवांच्या त्या दुसऱ्या गावात पोचली. तिथं बाबा नामदेव म्हणून सहज ओळख सांगणारे शीख शेतकरी होते, आणि गुरुद्वारात नामदेवांची पदं चालू होती.